धवळा : मांडवातील गाणे आणि पोथीचा वाचक

लग्नाच्या मांडवात स्त्रियांनी गावयाच्या गीताला ‘धवळा’ हे नाव मराठीत निदान सातशे वर्षे चालत आले आहे. या नावाची दोन प्रकारची गाणी आज अभ्यासकापुढे आहेत. एक महदंबेचे धवळे. ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भातील ऋद्धिपूर येथे रचले गेले, पोथ्यांतून टिकले आणि विसाव्या शतकात छापले जाऊन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत दाखल झाले. दुसरे, ठाणे-रायगडच्या पट्ट्यातील आगरी व कोळी समाजांत धवलारीण म्हणते ते. त्याची पोथी नाही. पहिल्याला वाचक लाभला, परंतु त्याच्या पोथीत चाल नोंदलेली नाही. दुसऱ्याची चाल एका कानातून दुसऱ्या कानात येत राहिली, परंतु वाचक असा त्याला अगदी अलीकडेपर्यंत नव्हता. पुष्कळांनी मिळून गायिलेल्या गाण्यात जो जिव्हाळा व जी आठवण साठविलेली असते, ती गाण्याच्या वेळी हजर नसलेल्या वाचकापर्यंत पोचते काय, आणि पोचत असल्यास कोणत्या वाटेने, हा प्रश्न या दोन धवळ्यांना शेजारी ठेवले असता जसा स्पष्ट होतो तसा एरवी होत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या धवळ्याचा मुलूख कोणता हे आधी पाहू. राजमाचीच्या डोंगराकडून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी ओलांडून बदलापूरपाशी येते आणि पुढे कल्याणकडे वळते. मांजर्ली हे याच नदीकाठचे ठिकाण. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि पावसाळ्यात नदी फुगली म्हणजे पुराच्या बातमीत त्याचे नाव येते. या खोऱ्यात भातशेती करणाऱ्या आगरी व कुणबी कुळांची जुनी वस्ती. कल्याणपासून घाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये या खोऱ्यातून गेला, तरी गावांचे गावपण त्यानंतर शतकभर फारसे हलले नाही. ते हलले अलीकडे. नगरपरिषदेच्या क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत जेथे माणसे पाऊणपटीहून अधिक वाढली, तेथे मांडवातील गाणे समजणारे आणि न समजणारे एकाच आळीत राहू लागले, हे उघड आहे.

‘धवल’ म्हणजे शुभ्र, आणि शुभ्र म्हणून मंगल. गीतप्रकार म्हणून हा शब्द मराठीपुरता नाही. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्राने आपल्या ‘छंदोनुशासना’त अपभ्रंशातील धवल रचनांचे भेद सांगितले आहेत. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त प्रबंधांच्या यादीत चच्चरी, धवल, मंगल, ओवी हे प्रकार जवळजवळ येतात. गुजरातीत याच शब्दाचे ‘धोळ’ हे रूप स्त्रियांच्या गीतांसाठी रूढ आहे. म्हणजे ऋद्धिपूरला महदंबा गाऊ लागली तेव्हा तिने नवा प्रकार निर्मिला नाही, तर स्त्रियांच्या तोंडी असलेला साचा उचलला. ओवीची गोष्ट तशीच. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे इ. स. ११३१) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. (या सोमेश्वराची राजधानी कल्याणी हल्लीच्या बीदर जिल्ह्यात होती. उल्हासकाठच्या कल्याणशी तिचा घोटाळा करू नये.) राजाने ग्रंथात नोंद घेतली ती गाण्याची आणि कामाची. त्या स्त्रिया काय गात होत्या ते त्याने लिहिले नाही. मराठी गीताच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडले आहे.

महदंबेच्या बाबतीत मात्र काय गायिले, कोणापुढे गायिले आणि का गायिले, या तिन्ही गोष्टी कळतात. महदाइसा ऊर्फ महदंबा ही चक्रधरांची शिष्या. ‘लीळाचरित्रा’त ती सतत प्रश्न विचारताना दिसते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर महानुभाव मंडळी ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सहवासात राहिली. गोविंदप्रभू हे लौकिकदृष्ट्या वेड्यासारखे वागणारे, मुलासारखे हट्ट करणारे सत्पुरुष होते. एकदा त्यांनी लग्न करावयाचे मनात घेतले. भक्तमंडळींनी तो हट्ट पुरविण्याचे ठरवून लग्नाची सारी तयारी केली, आणि त्या प्रसंगी महदंबेने धवळे गायिले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. पूर्वार्ध या लग्नप्रसंगाचा आणि उत्तरार्ध मागाहूनचा. दोन्ही मिळून सुमारे दीडशे कडवी होतात.

या प्रसंगाकडे वाङ्मयेतिहासकार ‘आद्य कवयित्री’ या मथळ्याखाली पाहतात, आणि तो मान योग्यच आहे. परंतु त्या मथळ्यामुळे प्रसंगाचा खरा अर्थ काहीसा झाकला जातो. एका वृद्ध सत्पुरुषाचा लग्नाचा खेळ चालला आहे आणि तो खेळ आहे हे भोवतालच्या साऱ्यांना माहीत आहे. अशा वेळी एक वयस्क स्त्री, जिला एरवी तत्त्वचर्चेची आवड, ती मांडवातल्या बाईची भूमिका घेते व खेळ खरा करून दाखविते. धवळ्यावाचून लग्न लग्नासारखे वाटले नसते. तिचे गाणे ही तेथे प्रथम एक प्रेमळ सेवा आहे. ती रचना आहे हे नंतरच्या पिढ्यांनी ठरविले. ज्यांनी ते ऐकले त्यांना रुक्मिणीची उत्कंठा ऐकताना समोर बसलेले गोविंदप्रभू दिसत होते. पुराणातील लग्न आणि समोरचे लग्न एकमेकांवर ठेवणे, हे धवळ्याचे मूळ कार्य. आज अभ्यासक्रमात धवळे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातील पुराणातील लग्न तेवढे मिळते. समोरचे लग्न त्याला टिपांतून समजून घ्यावे लागते.

रुक्मिणीच्या कथेत आणखी एक मौज आहे. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठविते, आणि मराठी परंपरेत त्या निरोपाला पत्राचे रूप आले. म्हणजे मांडवात गावयाच्या या कथेच्या मध्यभागीच एक लिहिलेले प्रेमपत्र व त्याचा एक वाचक आहे. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. पुढे उपवर मुलींनी त्याचे पारायण केल्यास विवाह जुळतो अशी श्रद्धा रूढ झाली, ती आजही आहे. मांडवातील गाण्याची जागा येथे पोथीच्या वाचनाने घेतली. तथापि हे वाचन मुकाट्याने करावयाचे नसते. पोथी मोठ्याने म्हणावयाची, घरच्या माणसांनी ऐकावयाची. वाचणारी मुलगी स्वतःच्या लग्नाची गोष्ट रुक्मिणीच्या गोष्टीत मिसळते, आणि या मिसळण्यापुरती ती महदंबेच्या श्रोत्यांच्या जवळ आहे.

महदंबेच्या नावावर ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही दुसरीही रचना आहे. मातृका म्हणजे मुळाक्षरे. वर्णमालेच्या क्रमाने कडव्यांची सुरुवात करीत जाणारा हा प्रकार. एकाच विषयावरील या दोन रचनांतून स्मरणाच्या दोन तऱ्हा दिसतात. धवळ्यात पुढचे कडवे आठवते ते विधी पुढे सरकतो म्हणून आणि चाल ओढून नेते म्हणून. मातृकीत पुढचे कडवे आठवते ते पुढचे अक्षर ठाऊक असते म्हणून. पहिली तऱ्हा मांडवाची आहे, दुसरी पाटीची. महानुभाव पंथात दुसरीला महत्त्व आले, आणि ते का आले हेही समजण्यासारखे आहे. गुरूंचा शब्द जसाच्या तसा राखावयाचा हा या पंथाचा ध्यास होता. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या त्या ज्याने त्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून. पुढे हे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद झाले. शब्द वाचला, पण तो पंथाबाहेरच्या वाचकाला दिसेनासा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, य. खु. देशपांडे आदी संशोधकांनी महानुभाव वाङ्मय उजेडात आणले, तेव्हा महदंबेला सामान्य मराठी वाचक मिळाला. मधल्या सहा शतकांत बहुसंख्य मराठी माणसांच्या दृष्टीने ती नव्हतीच. शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये ऋद्धिपूर येथे सुरू झाले, तेही या विस्मृतीच्या भरपाईसाठीच, असे म्हणावयास हरकत नाही.

आता उल्हास खोऱ्याकडे वळू. आगरी लग्नात हळदीपासून वधूच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवलारणीचे गाणे असते. वारली समाजातही लग्न लावणाऱ्या स्त्रीला धवलेरी म्हणतात, यावरून हा अधिकार उत्तर कोकणात किती दूर पसरला होता हे दिसते. मांडव घातला, हळद दळली, देवांना आमंत्रण गेले, वर मांडवात आला, अशा क्रमाने गाणे चालते. देव आणि कुळातील पूर्वज यांना बोलावल्याखेरीज लग्न सुरू होत नाही. सोबतीच्या बायका ओळ उचलतात आणि त्या उचलत असताना पुढील ओळ मनात जुळविण्यास धवलारणीला अवकाश मिळतो. ही पुनरावृत्ती नुसती शोभेची नव्हे. पाठाचा सांभाळ तिच्यावर चालतो, आणि शेजारी बसलेली तरुण मुलगी गाणे शिकते तीही तिच्यातूनच.

या गाण्यात एक जागा मोकळी असते. ती नावाची. या लग्नातील वराचे नाव, वधूचे, तिच्या बापाचे, मामाचे, गावाचे. दर लग्नाला ही नावे बदलतात आणि बाकीचे गाणे तेच राहते. आपल्या लग्नात आपले नाव ज्या ओळीत आले ती ओळ आयुष्यभर लक्षात राहावी, आणि पुढे मुलाच्या लग्नात त्याच जागी त्याचे नाव आले की दोन्ही लग्ने एकदम आठवावीत, ही सोय त्या मोकळ्या जागेने केलेली आहे. आई, मुलगी, नात यांची लग्ने एका चालीवर बांधली जातात. इतक्या साध्या युक्तीने पिढ्या जोडणारे दुसरे साधन लिहिण्या-वाचण्यावाचून जगणाऱ्या समाजाकडे क्वचितच असेल.

येथे बोलीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण छापताना पहिला घाव तिच्यावर पडतो. आगरीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि शब्दामधील ‘ड’चा ‘र’ होतो. डोळा ‘डोला’, पाणी ‘पानी’, घोडा ‘घोरा’, गाडी ‘गारी’. त्या नियमाने धवळा हा ‘धवला’ झाला. संस्कृत ‘धवल’शी हे रूप तंतोतंत जुळते म्हणून कोकणातील स्त्रियांनी प्राचीन रूप जपले असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. संस्कृतातील दोन स्वरांमधील ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला आणि आगरीत त्याचा पुन्हा ‘ल’ झाला. शब्द फिरून जुन्या दाराशी आला आहे, तो तेथून कधी हललाच नाही असे नव्हे. परंतु संग्राहकाने ‘धवला’ऐवजी ‘धवळा’, ‘पानी’ऐवजी ‘पाणी’ लिहिले की नुकसान केवळ भाषाशास्त्राचे होत नाही. गाण्यातील यमके या उच्चारांवर बसविलेली असतात. ‘डोला’ आणि ‘बोला’ यांचा जो मेळ कानाला लागतो तो ‘डोळा’ लिहिताच तुटतो. वाचकाला शुद्ध मजकूर मिळतो आणि गाणे अडखळते.

लोकगीतांचा संग्रह करणाऱ्यांना ही अडचण प्रथमपासून आली. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या त्या आई, भाऊ, सासर, मूल अशा विषयवारीने. वाचकाला तो क्रम सोयीचा आहे, आणि त्या पुस्तकाने सुशिक्षित मराठी घरांना आपल्याच आजीच्या गाण्याची ओळख नव्याने करून दिली हे निर्विवाद. जात्यावर मात्र ओवी विषयवारीने येत नाही. भावाच्या ओवीतून नदी, नदीतून माहेर, माहेरातून आई अशी ती वाहत जाते. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण हेच सांगते की आठवण खुंट्याला धरलेल्या हातात आहे. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने सरोजिनी बाबर यांनी जे खंड प्रसिद्ध केले त्यांनी संग्रहाचा व्याप वाढविला. पुढे पुण्यातून हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी चालविलेल्या संकलनात हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या एक लाखावर ओव्या जमल्या. उल्हास खोऱ्याच्या घाटमाथ्यापलीकडचा मुळशी तालुका त्यात ठळकपणे आहे. या संकलनाचा विशेष असा की प्रत्येक ओवीशी गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले, पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून त्या आवाजासह व छायाचित्रासह ‘पारी’ या ग्रामीण वार्तासंग्रहातून वाचकांपुढे येत आहेत. सोमेश्वराने आठशे-नऊशे वर्षांपूर्वी जे लिहिले नाही ते येथे लिहिले गेले. वाचणाराला गाणारी कोण हे कळते, आणि त्याचे गाण्याशी नाते त्या क्षणापासून पालटते.

चालीने वाचक निर्माण होतो याचे मराठीतील सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र लोकगीताचे नव्हे, नभोवाणीचे आहे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत ग. दि. माडगूळकरांचे व सुधीर फडक्यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. योजना बावन्न गीतांची होती, पण त्या शकवर्षात अधिकमास आल्याने गीते छप्पन झाली. नवे गीत ऐकताच त्याचे शब्द हवेत म्हणून श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, पुण्यातील वृत्तपत्रे शब्द छापू लागली, आणि १९५७ च्या विजयादशमीला प्रकाशन विभागाने दोन रुपये किमतीत पुस्तक काढले. लोक ते पुस्तक वाचीत होते की मनात गात होते, हे सांगणे कठीण. बहुधा दोन्ही एकच होते. या काव्याची चौकटही ध्यानात घेण्याजोगी आहे. कुश आणि लव रामापुढे रामाचेच चरित्र गातात. ऐकणारा पिता, गाणारे पुत्र, पण नाते अजून उघड झालेले नाही. गाण्याने आधी गाठ घातली आणि ओळख मागाहून पटली. ही कल्पना वाल्मीकीचीच आहे. परंतु घराघरांतून एकाच वेळी एकच गीत ऐकणाऱ्या अनोळखी माणसांना ती त्या वर्षी जितकी लागू पडली तितकी पोथीच्या वाचकाला क्वचितच पडली असेल.

धवळ्याला अशी संधी मिळाली नाही. आगरी-कोळी गीतांच्या ध्वनिफिती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुष्कळ निघाल्या, पण त्यांत नाचाच्या गाण्यांना मागणी अधिक होती. आज धवळेही यूट्यूबवर ऐकावयास मिळतात आणि हळदीच्या रात्री ध्वनिवर्धकावर लावले जातात. चाल टिकते, ही गोष्ट लहान नाही. मात्र मुद्रित गाण्यात नावाची जागा मोकळी राहत नाही. तेथे दुसऱ्याच कोणा वराचे नाव असते किंवा नुसते ‘नवरा’, ‘नवरी’ असते, आणि मांडवातल्या बायकांना ओळ उचलण्याचे कारण उरत नाही. त्या न उचलल्या गेल्या की शेजारी बसून शिकणारी मुलगीही राहत नाही. उल्हास खोऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे शेत जाऊन इमारत आली आणि लग्न अंगणातून सभागृहात गेले, तेथे हा बदल एका पिढीत पुरा होऊ शकतो. धवलारणीबरोबर जे जाईल ते कोणत्याही पोथीत सापडणार नाही.

यास्तव आगरी धवळ्यांचे जे संकलन यापुढे होईल त्याने महदंबेच्या पोथीकडून एक आणि जात्यावरील ओव्यांच्या संकलनाकडून एक अशा दोन गोष्टी घ्याव्यात. पोथीमुळे आणि ‘ऋद्धिपूरचरित्रा’मुळे प्रसंग कळतो. तसा प्रत्येक धवळ्याचा विधी, वेळ आणि मांडवातील बसण्याची रीत लिहून ठेवावी. ओव्यांच्या संकलनाप्रमाणे गाणारीचे नाव व गाव तिच्या संमतीने द्यावे आणि आवाज राखावा. ‘न’ला ‘न’ व ‘र’ला ‘र’च लिहावे, उचललेली ओळ ‘पुनरुक्ती’ म्हणून गाळू नये. नावाच्या जागी फुल्या किंवा टिंबे घालण्याची संपादकांची रीत आहे, तीही सोडावी. त्या लग्नात ज्या वर-वधूंची नावे गायिली गेली ती, त्यांची हरकत नसल्यास, तेथेच राहू द्यावीत आणि गावाच्या जागी जे गाव उच्चारले गेले ते छापावे, मग ते मांजर्ली असो, एरंजाड असो की वालिवली.